राजाच्या मुठीतला दोर

मित्रांनो, मी दोर आहे. तागाचा, अंगठ्यापेक्षा थोडा जाड, आणि आता बराच जुना. पॅरिसमधल्या एका चित्रकाराच्या खोलीत आढ्याला लोंबकळत माझे आयुष्य गेले. घाबरू नका, मी फासाचा दोर नाही. माझे काम एकच होते: माणसाचा वर उचललेला हात वरच ठेवायचा. एवढ्याशा कामाचे काय सांगायचे, असे तुम्हाला वाटेल. पण राजवाड्याच्या भिंतीवर ज्याचे चित्र लागले आहे असा दोर तुम्ही कधी पाहिला आहे का? नाही ना? मग मुकाट्याने ऐका.

माझा जन्म रूआं गावचा, नदीकाठच्या दोरवाल्यांच्या आळीतला. दोरवाला कमरेला तागाचा झुपका गुंडाळतो आणि धागा सोडत सोडत उलट्या पावलांनी मागे मागे जातो. त्यामुळे आम्हा दोरांना आपला बाप लांब जातानाच दिसतो. माझी सगळी भावंडे जहाजांवर गेली. कुणी शिडाला लागला, कुणी नांगराला. आळीत समुद्राखेरीज दुसरा विषय नसे, आणि मीही समुद्रावर जाणार हे मी धरूनच चाललो होतो. पण कापाकापीत मी नेमका तोकडा उरलो. शेवटी सफरचंदे वाहणाऱ्या एका नावाड्याने मला घेतले आणि नदीने वर, समुद्राकडे पाठ करून, पॅरिसला आणले. त्या प्रवासात मी फार रडलो. नावाड्याला वाटले, दव पडले आहे.

घाटावर गास्पार मोरिसो नावाच्या तरुण चित्रकाराने मला पाहिले, दोन्ही हातांनी ओढून माझी ताकद अजमावली आणि घरी नेले. तो काळ असा, की चित्रकाराला मान हवा असेल तर त्याला माणसाचे उघडे अंग काढता आले पाहिजे. देव, राजे, संत, लढवय्ये, सगळे त्यातूनच निघत. आधी दुसऱ्यांची रेखाटने गिरवायची, मग प्लास्टरचे पुतळे काढायचे, आणि त्यानंतर कुठे जिवंत माणसासमोर बसायला मिळे. गास्पार म्हणे, कपडे घातले की शिंप्याचे काम दिसते आणि देवाचे काम झाकले जाते. मला हे लगेच पटले. मी स्वतः जन्मभर उघडाच आहे.

आमचा मॉडेल होता ओनेझिम. तो पूर्वी नदीवरून लाकडाचे ओंडके वाहून आणायचा. पाठ दरवाजाएवढी, आवाज त्याहून मोठा, आणि मन लहान पोराचे. पहिल्या दिवशी तो शेगडीजवळच्या पडद्याआड गेला आणि बाहेर आला तेव्हा अंगावर चिंधी नव्हती, पण डोक्यावर टोपी होती. गास्पारने टोपी काढायला सांगितले. ओनेझिम लाजून म्हणाला, "नको मास्तर, टोपी काढली की फार उघडं उघडं वाटतं."

मग तो मेजावर चढला, गास्पारने त्याच्या पावलांभोवती खडूने रेघ मारली, आणि त्याचा उजवा हात माझ्या हाती दिला. तुम्ही एकदा हात वर करून उभे राहून पाहा बरे. आधी बोटांना मुंग्या येतात, मग खांदा कुरकुरतो, आणि मग हात हळूच खाली येऊ लागतो. चित्रकाराला मात्र मान वर केली की हात होता तिथेच हवा असतो. म्हणून पॅरिसमधल्या प्रत्येक चित्रशाळेत माझ्यासारखा एक दोर असतोच. ओनेझिमने माझी गाठ मुठीत धरली, आपले सगळे वजन माझ्यावर टाकले आणि समाधानाने सुस्कारा सोडला. त्या क्षणी आमची दोस्ती झाली. त्याच्या तळहाताच्या घट्ट्यांनी माझी कूस गुळगुळीत केली. कंटाळा आला की तो ओठ न हलवता नदीवरची गाणी गुणगुणायचा, आणि ती माझ्यातून आढ्यापर्यंत जायची.

असे आम्ही दोघांनी मिळून किती जणांना उभे केले! वीज फेकणारा देव, भाषण करणारा सेनापती, स्वर्गाकडे हात करणारा संत. तो संत आमच्या पेठेतल्या चर्चमध्ये लागला. ओनेझिमची बायको तिएनेत धोबीण होती. ती दर रविवारी त्या चित्रापुढे गुडघे टेकी, आणि शेजारणींना वाटे, किती भाविक बाई आहे. घरी आल्यावर ती नवऱ्याला सुनावायची, की तिथे बरा हात वर करून खुशाल उभा राहतोस, आणि इथे एक बादली उचलायला सांगितली की तुझी कंबर धरते.

लोक त्या चित्रांची स्तुती करत. काय हात उचलला आहे, म्हणत. मित्रांनो, तो हात कुणी उचलला होता हे मला ठाऊक होते. पण चित्रात मी नसे. गास्पार अंग काढी, मूठ काढी, आणि माझ्या जागी आभाळ रंगवी. वर्षानुवर्षे सगळे चित्रकार माझ्याकडे पाहत ते माझ्या आरपार. मला वाईट वाटे, नाही असे नाही. पण ओनेझिम गाऊ लागला की मी ते विसरून जाई.

आता मुख्य गोष्ट सांगतो. राजवाड्यात चित्रकारांची अकादमी भरे. तिचा सभासद झाला की चित्रकाराचे नाव होई, मोठ्या प्रदर्शनात त्याची चित्रे लागत, मोठमोठी कामे त्याच्याकडे चालत येत. सभासद होण्यासाठी अकादमी देईल त्या विषयावर एक चित्र करून न्यावे लागे. गास्पारला विषय मिळाला होता: जहाज फुटलेला एक प्राचीन राजा बुडत्या जहाजावरून देवांना हाक मारतो आहे. गास्पार इतका चोखंदळ, की त्याने दोन चित्रे स्वतःच फाडून टाकली आणि दोनदा मुदत वाढवून घेतली. तिसऱ्यांदा वाढणार नव्हती. या खेपेला जमले नाही तर त्याच्या बायकोच्या मामाने बग्ग्यांच्या कारखान्यात त्याच्यासाठी जागा राखून ठेवली होती. तिथे जन्मभर बग्ग्यांच्या दारांवर गुलाबाची फुले रंगवायची. गास्पार गुलाबांचे नाव काढले तरी पांढरा पडत असे.

विषयात समुद्र आहे हे कळले तेव्हा मी आनंदाने आढ्याला दोन झोके घेतले. मग लक्षात आले, की चित्रात समुद्र असला तरी मी असणार नाही.

गास्पारची बायको आर्मांद हीही चित्रकार होती. पण बायकांना उघडे अंग काढायची मनाई, म्हणून ती वस्तू काढी: कांदे, तांब्याची पातेली, मासे. तिने काढलेल्या बांगड्याला एकदा मांजराने पंजा मारला होता. कुणी तिला विचारले, की नवरा देव आणि राजे काढतो आणि तू कांदेच का काढतेस, तर ती म्हणे, "माझे कांदे तरी सोललेले असतात." घरची रीत अशी, की ओनेझिम मेजावर चढला की तिने त्या खोलीत पाऊल टाकायचे नाही. ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसे. आणि गास्पारची खोड अशी, की अर्धे चित्र तिला दाखवायचे नाही. त्यामुळे इतक्या वर्षांत तिने मला रिकामा लोंबकळताना पाहिले होते, कुणाचा हात धरताना कधीच पाहिले नव्हते.

शनिवारी अकादमीची सभा होती. शुक्रवारी सकाळी गास्पारने शेवटचा हात फिरवला. त्याचे चित्रकार मित्र येऊन वाहवा करून गेले. ओनेझिम कपडे घालून शेगडीपाशी सूप पीत बसला होता. मग गास्पारने आर्मांदला हाक मारली.

ती चित्रापुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली. गास्पार ब्रशचे टोक चावू लागला.

"अंग फार सुरेख झालंय हो," ती म्हणाली. "पाठीवरनं पाणी निथळतंय असं वाटतं. पण त्याच्या हातात काय आहे?"

"हातात? हातात काही नाही. तो देवांना हाक मारतोय."

"मूठ आवळून?"

गास्पारने चित्राकडे पाहिले. आर्मांद दोन पावले जवळ गेली आणि राजाच्या खांद्यावर बोट नेले. "आणि हा हात यानं उचललेला नाही. खांदा बघा किती सैल आहे. सगळं अंग खाली ओढलं जातंय. हा उभा नाही हो. हा लटकलाय."

ओनेझिम तोंडातला घोट गिळून पुढे आला आणि डोके खाजवत म्हणाला, "बरोबर आहे बाईसाहेबांचं. मी लटकलेलोच होतो. मस्त विसावा मिळतो तिथं."

मित्रांनो, कुणालाच हे दिसले नव्हते, कारण त्या सगळ्यांनी मला रोज पाहिले होते. मी चित्रात नसलो तरी त्यांचे डोळे मला तिथे परस्पर टांगत. आर्मांदच्या डोळ्यांना ती सवय नव्हती. गास्पारने घाईघाईने ओनेझिमला अंगरखा काढायला सांगितले आणि मला न धरता हात वर करायला लावले. खांद्याचा गोळा टरारून वर आला, मान ताठली, बरगड्या हलल्या, वजन दुसऱ्या पायावर गेले. तो निराळाच माणूस झाला. नुसती मूठ उघडून भागणार नव्हते. मुठीपासून टाचेपर्यंत सगळा राजा चुकला होता, आणि सभा उद्या होती.

गास्पार मेजाच्या कडेवर बसला. "संपलं," तो म्हणाला. "सोमवारपासून गुलाब."

मला इतके वाईट वाटले, की काय सांगू. माझे काम मी चोख केले होते आणि त्यापायी माझ्याच मालकाचा घात होत होता. आर्मांद मात्र राजाच्या मुठीकडे पाहत होती. मुठीतून तिची नजर चढत गेली, कॅनव्हासच्या वरच्या कडेला पोचली, आणि मग मान उचलून तिने माझ्याकडे पाहिले. आणि ती हसू लागली.

"अहो, लटकलाय ना तो? मग लटकू द्या की. बुडतं जहाज आहे, वादळ आहे. जहाजावर दोर नसतात का?"

गास्पार उडी मारून उठला. त्याने ब्रश घेतला आणि राजाच्या मुठीतून वर एक दोर काढला. तिघांनी तो पाहिला.

"मास्तर, हे आतडं दिसतंय," ओनेझिम म्हणाला.

गास्पारने पुसून पुन्हा काढला. या वेळी तो साप झाला. माणसाच्या पाठीवरचा एकेक स्नायू त्याला पाठ होता, पण निर्जीव वस्तूकडे त्याने आयुष्यात कधी धड पाहिलेच नव्हते. शेवटी त्याने ब्रश बायकोपुढे धरला.

"तू काढ."

"अहो, दुसऱ्याचा हात लागलेला चालत नाही ना तिथं?"

"ते उद्या बघू. हा माणूस आज बुडतोय."

आर्मांदने बाह्या सारल्या आणि ओनेझिमला पाण्याची बादली आणायला सांगितली. समुद्रातला दोर कोरडा कसा असेल, असे तिचे म्हणणे. ओनेझिमने ती थंडगार बादली माझ्यावर रिकामी केली आणि माझ्या कानाशी लागून म्हणाला, "आता तुझी पाळी, भावा. हलायचं नाही. नाक खाजलं तरी नाही."

मी हललो नाही. आर्मांद माझ्यासमोर बसली आणि तिने मला पाहिले. खरोखर पाहिले. माझे पीळ, पिळांमधली सावली, ओनेझिमच्या हाताने गुळगुळीत झालेली कूस, सुटून बाहेर आलेले तंतू, तंतूंच्या टोकांवर थांबलेले थेंब. दुपार टळली तेव्हा राजाच्या मुठीतून मी वर जात होतो, ताणलेला, भिजलेला, वादळात. आणि चित्रातला राजा एकदम खरा झाला. त्याची सैल पाठ, खेचलेला खांदा, टेकायला जागा शोधणारा पाय, सगळ्याला अर्थ आला. जगातली शेवटची गोष्ट धरून तो देवांना हाक मारत होता. गास्पारने बायकोच्या गालाला रंग लागेल याची पर्वा न करता तिचा मुका घेतला.

दुसऱ्या दिवशी चित्र हातगाडीवर उभे केले. रंग ओला होता, म्हणून पुढून दोर न फिरवता चित्र मागच्या लाकडी चौकटीला धरून गाडीला बांधायचे ठरले, आणि घरात दुसरा धड दोर नव्हता. म्हणजे माझेच चित्र मी घट्ट धरून निघालो. मासळी बाजारातून जाताना कोळिणींनी राजाची पाठ पाहून ओनेझिमला ओळखले आणि विचारले, की थंडी नाही का रे वाजली. तिएनेत नदीवरचे धुणे टाकून आली आणि राजवाड्याच्या फाटकापर्यंत सगळ्यांना सांगत चालली, की हे माझ्याच घरचे.

सभेच्या दालनात गास्पारने मला सोडले आणि चित्राच्या पायथ्याशी ठेवले. समोर सगळे सभासद विग घालून बसले होते. भिंती त्यांनी स्वतः सभासद होताना दिलेल्या चित्रांनी भरल्या होत्या. सगळ्यांत वडील शार्बोनो काठी टेकत पुढे आले. त्यांनी चित्र पाहिले, मग काठीने मला ढोसले, मग पुन्हा चित्र पाहिले.

"देह उत्तम आहे," ते म्हणाले. "पण मोरिसो, तुमच्या हाताला असा दोर कधीपासून यायला लागला?"

गास्पार म्हणू शकला असता, कालपासून. तसे म्हणाला असता तर कुणाला कळलेही नसते. पण तो म्हणाला, "तो मी नाही काढला. माझ्या बायकोनं काढलाय. ती कांदेही फार चांगले काढते."

दालनात कुजबुज झाली. कुणी म्हणाले, नियम म्हणजे नियम, चित्र परत न्या. कुणी जरा मवाळपणे म्हणाले, दोर पुसून टाका, उरेल त्यावर आम्ही मत देऊ.

"पुसता येईल साहेब," गास्पार म्हणाला. "पण दोर काढला तर माणूस पडतो."

शार्बोनोंनी मान वर केली आणि भिंतीवरच्या एका चित्राकडे पाहिले. ते त्यांचेच होते, तरुणपणचे. त्यात एक म्हातारा ऋषी राजाला शाप देत होता, हात उंच उगारून, मूठ आवळून. शार्बोनो त्या मुठीकडे पाहत राहिले. मग बाकीच्यांच्याही माना एकेक करून वर झाल्या, आणि जो तो आपापले चित्र शोधू लागला. मित्रांनो, काय सांगू तुम्हाला! भिंतभर वीर, भिंतभर देव, आणि सगळ्यांच्या मुठी हवा धरून आवळलेल्या. माझे सगळे भाऊबंद तिथे होते, आभाळाखाली, ढगांखाली, रंगवून झाकलेले. आज पहिल्यांदा कुणीतरी त्यांना शोधत होते.

"इतकी वर्षं मी समजत होतो की हा शाप देतोय," शार्बोनो हळूच म्हणाले. "हा तर लटकलाय."

आणि ते हसू लागले. हसता हसता त्यांचा विग कानावर आला. मग शेजारचा हसला, त्याच्या पलीकडचा हसला, आणि ते गंभीर दालन शाळेच्या वर्गासारखे दणाणले. हसू ओसरल्यावर शार्बोनोंनी डोळे पुसले आणि सांगितले, की मत देहावर द्यायचे आणि देह मोरिसोंचा आहे. दोर जिने काढला तिने आपले कांदे घेऊन यावे, तिच्यावर वेगळे मत घेऊ.

मत द्यायची तिथली पद्धत अशी, की डब्यात घेवड्याचे दाणे टाकायचे, पसंतीला पांढरा आणि नापसंतीला काळा. डबा मेजावर उपडा केला तेव्हा मी जमिनीवरून वर पाहत होतो. काळे होते, पण बोटांवर मोजण्याइतके. बाकी सगळे मेज पांढरे झाले. गास्पार आधी हसला, मग रडला, आणि मग बायकोला सांगायला जो धावत सुटला तो मला तिथेच विसरून. मी म्हटले, झाले, आता आपण झाडूवाल्याच्या हाती. तेवढ्यात जिन्यावर ओळखीची धाप ऐकू आली. ओनेझिम परत आला होता. त्याने मला उचलून गळ्यात घातले आणि म्हणाला, "मॉडेलला विसरून चालले होते हे लोक."

पुढल्याच वर्षी आर्मांद आपले कांदे आणि तांब्याचे पातेले घेऊन त्याच दालनात गेली, आणि पांढरे दाणे मिळवून परत आली. आता तिच्याकडे मुली शिकायला येतात. ओनेझिमचे केस पिकले आहेत. तो मुलींसाठी कमरेला पंचा गुंडाळून उभा राहतो, आणि कुणी नावे ठेवू नयेत म्हणून तिएनेत शेगडीपाशी कपडे रफू करत बसते. राखण करायला बसलेली तीच सगळ्यांत जास्त हसवते. हात अजून मीच धरतो. पण आर्मांदचा दंडक आहे: प्रत्येकीने आधी दोर काढायचा, मग माणूस.

मित्रांनो, मी जुना झालो. माझे तंतू सुटू लागले आहेत, आणि एक दिवस ओनेझिमचे वजन मला पेलणार नाही. तेव्हा मला कुणी उकिरड्यावर टाकू नये एवढीच इच्छा आहे. खिडकीला बांधा, तिएनेतचे धुणे वाळत घाला, मला चालेल. आणि तुम्ही कधी एखादे भव्य चित्र पाहाल, त्यात कुणी हात उंचावलेला असेल, तर क्षणभर थांबा आणि पाहा, की त्याला वर कुणी धरले आहे. तुमच्या घरीही असे कुणीतरी असेलच. चित्रात नसेल, पण असेल. त्याला वेळेवर पाहून घ्या.

समुद्र मी अजूनही पाहिलेला नाही. आता पाहीन असेही नाही. पण राजवाड्याच्या त्या भिंतीवर लाटा अंगावर घेत मी राजाला धरून आहे, आणि मला न्याहाळणारे लोक सांगतात, की तो दोर अजून ओला वाटतो.